टाळता येण्याजोगा खर्च

सोलरवाल्या दहियाजींनी आणलेलं कोटेशन अकरा पानांचं होतं आणि अलकनंदाने त्याला तीन दिवस लावले. तिची बत्तीस वर्षं सरकारी हिशेब तपासण्यात गेलेली. तिच्यापुढे वाण्याचं बिल ठेवलं तरी ती आधी खालून वर बेरीज करून बघायची, आणि ती जुळली की मग वरून खाली. तिच्या खात्यात तपासणीची खूण हिरव्या पेन्सिलीने करायची रीत होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरात हिरव्या पेन्सिली टोकदार असायच्या, आणि दुधाच्या कार्डापासून औषधांच्या बिलापर्यंत सगळ्यावर हिरव्या टिकल्या पडलेल्या असायच्या.

"अहो, हे बघा," ती म्हणाली, "नट-बोल्टचे वेगळे बाराशे लावलेत त्याने."

"लावू दे," सुधन्वा पलंगावरून म्हणाले. मग त्यांनी थांबून श्वास घेतला. "नाहीतर पत्रे उडून... एअरपोर्टवर उतरतील. परवानगीशिवाय."

सुधन्वांचं बोलणं आता असं हप्त्याहप्त्याने यायचं. जलआयोगात नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुठल्या धरणाची भिंत किती उंच, हे झोपेतून उठवलं तरी सांगायचे. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार त्यांना दोन वर्षांपूर्वी निघाला. तेव्हापासून नाकाशी नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं, छोट्या कपाटाएवढं, दिवसरात्र घुर्रघुर्र करणारं. यंत्राला सिलिंडर लागत नाही की भरणावळ लागत नाही. लागते फक्त वीज. ती चोवीस तास.

आजाराचं नाव कळलं त्या दिवशी, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, सुधन्वा तिला म्हणाले होते, "अलका, एक ऐकशील? शेवटी मला इथे आणू नकोस. घरी राहू दे. आपल्या कृतिकाने कितीही आरडाओरडा केला तरी."

"बरं," ती म्हणाली होती. तीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. मग डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं, नीट जपलं तर पाच वर्षं. त्यातली दोन सरायच्या आतच विजेचं बिल उन्हाळ्यात सहा हजारांवर गेलं. एक एसी, एक हवा शुद्ध करणारं खोकं, एक हे यंत्र. दिल्लीत दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट आहे म्हणतात. असेल. तिच्या बिलावर नुसत्या यंत्राचीच अडीचशे व्हायची.

म्हणून सोलर.

पैसे होते ते वाईजवळच्या प्लॉटसाठी ठेवलेले. दोघांनी निवृत्तीनंतर तिकडे जायचं ठरवलं होतं. आता प्लॉटचं नाव कोणी काढत नव्हतं. गावात यंत्र चालवायला दिवसाचे सहा तास वीज नसते आणि फुप्फुसांचा डॉक्टर साताऱ्याशिवाय नाही. तेव्हा दिल्लीच्या द्वारकेतलं, चार मजली इमारतीतलं सगळ्यात वरचं घर, लिफ्ट नाही, हेच आता शेवटचं घर. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याला "सध्याचं घर" म्हणायचे.

कोटेशनमध्ये सहा पॅनल होते, एक लाख पंच्याण्णव हजारांचे. केंद्राची सबसिडी अठ्ठ्याहत्तर, दिल्लीची तीस. उरले सत्त्याऐंशी हजार. महिन्याला वाचणार सत्तावीसशे. अलकनंदाने भागाकार केला. बत्तीस महिने. म्हणजे दोन वर्षं आठ महिने.

तो आकडा बघून ती जराशी सैल झाली. का, ते तिने स्वतःशीही उच्चारलं नाही.

मग सातव्या पानावर बॅटरी आली. 'हायब्रीड इन्व्हर्टर व बॅटरी बॅकअप: पंच्याण्णव हजार. सबसिडी लागू नाही.' तिने पुन्हा भागाकार केला. सदुसष्ट महिने. पाच वर्षं सात महिने. तिने पेन्सिल खाली ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत आली. आकडा तोच. त्या हिशेबात सुधन्वा बसत नव्हते. त्यांच्यासाठी घेतलेली वस्तू फिटायच्या आधीच, कितीतरी आधी, ते नसणार होते, आणि हे तिने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"बॅटरी कशाला असते?" सुधन्वांनी विचारलं.

"रात्री लाईट गेली तर. रात्री ऊन नसतं ना."

"हुशार आहेस."

"गप्प बसा. रात्री जाते कितीदा? आणि गेली तर छोटा सिलिंडर आहे की. दिवसा तर ऊनच ऊन." आणि तिने त्या ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'टाळता येण्याजोगा खर्च'. बत्तीस वर्षांत हे शब्द तिने किती खात्यांच्या फायलींवर लिहिले असतील. लिहिताना तिला बरं वाटलं. पुन्हा बत्तीस महिने झाले.

"म्हणजे," सुधन्वा म्हणाले, आणि ती दचकली, कारण ते वहीकडे बघत होते, "शेवटचे दोन-चार महिने... मी फुकट विजेवर. मजा आहे."

"काहीतरीच बोलता."

"हिशेब तुझाच आहे."

ती हसली. हसल्यावर तिला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसावं लागलं.

गच्ची सगळ्यांची, म्हणून सातही घरांच्या सह्या लागल्या. दारोदार तीच गेली. खालच्या मजल्यावरच्या सभरवाल आंटींनी सही करता करता म्हटलं, "चलो भाभीजी, अब जब हमारी लाईट जाएगी ना, हम सब फोन लेके आपके यहाँ आ जाएँगे. चाय भी पिएँगे."

"ज़रूर आइए," अलकनंदा म्हणाली. मालकिणीच्या ऐटीत. सात घरांतल्या एकालाही यात काही चूक दिसली नाही. दिवसा, उन्हात, छपरावर वीज बनत असताना घरात अंधार होईल, असं कोण म्हणेल?

पॅनल बसवायला आलेली माणसं जिन्यातल्या जुन्या इन्व्हर्टरकडे बघून म्हणाली, "ये भी ले जाएँ?" त्याची बॅटरी फुगली होती, नवी चौदा हजारांची पडणार होती. दहियाजींनी त्याचे साडेसहा हजार कापून दिले. अलकनंदाने ती रक्कम जमेच्या बाजूला लिहिली. टिकली केली.

मीटर बदलायला पाच आठवडे आणि तिच्या एकवीस फेऱ्या लागल्या, पण मग तीन महिने घरात असं काही होतं ज्याला आनंद म्हणायला हरकत नव्हती. मार्चचं बिल तीनशे दहा. एप्रिलचं शून्य. सुधन्वांच्या फोनवर एक ॲप होतं, त्यात आज किती वीज झाली ते दिसायचं. ते सकाळी उठून आधी तेच बघायचे. "बारा युनिट," ते सभरवाल अंकलना फोनवर सांगायचे, जणू स्वतःच अंगमेहनतीने काढलेत. धुळीचं वादळ आलं की अलकनंदा ओली फडकी घेऊन गच्चीवर जायची आणि सहाही पॅनल पुसायची, वर म्हणायची, "तुमच्या धरणाला कधी असं पुसलं होतं का कोणी?"

जूनच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा चाळीसला, कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज झाला. द्वारकेत राहणाऱ्याला तो आवाज ओळखता येतो. पंखा मंदावत थांबला, एसी थांबला, आणि यंत्राने घुर्रघुर्र सोडून एकसुरी शिटी धरली.

अलकनंदा कणीक मळत होती. घाईने उठलीसुद्धा नाही. "अहो, एक मिनिट हं," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोलरवर जाईल आत्ता."

ती हात धुऊन आली. शिटी चालूच. सुधन्वा यंत्राकडे बघत होते, एखादा पाहुणा वेळेवर येणार म्हणून दाराकडे बघावं तसे. तिने प्लग काढून पुन्हा घातला. दुसऱ्या भोकात घातला. मग तिने जिन्यात जाऊन सोलरच्या डब्यावर पाहिलं. एरवी हिरवा असणारा दिवा लाल होता. ती गच्चीवर धावली. पंचेचाळीस डिग्री. चपला न घालताच गेली होती, तळपाय भाजत होते. सहाही पॅनल उन्हात लखलखत होते. तिने एकाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. इतकं ऊन!

खाली येऊन तिने आधी छोटा सिलिंडर जोडला. त्याचा काटा लालच्या जवळ होता. गेल्या आठवड्यात दोन रात्री लाईट गेली होती. भरणारा सोमवारी येतो म्हणाला होता. मग तिने दहियाजींना फोन लावला.

"मॅडमजी, ग्रिड गई तो सिस्टम बंद," ते म्हणाले. मागे कुठेतरी लग्नाचा बॅंड वाजत होता. "ऑन-ग्रिड है ना आपका. सेफ्टी के लिए है. नहीं तो आपकी छत की करंट उलटी तार में चली जाएगी, ऊपर खंबे पे लाईनमन मर जाएगा."

"अहो पण ऊन आहे!" ती मराठीत ओरडली. मग हिंदीत, "इतनी धूप है, भाईसाब!"

"धूप अकेली से नहीं चलता जी. बॅटरीवाला लेते तो चलता. मैंने तो लिखी थी. आपने ही कटवाई."

"आपने बताया क्यों नहीं?"

"लिखा है, मॅडमजी. पेज नंबर नौ." त्यांचा आवाज उद्धट नव्हता. उलट, खरंच वाईट वाटल्यासारखा होता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

पुढचं सगळं सभरवालांनी केलं. त्यांच्या घरच्या इन्व्हर्टरची वायर बाल्कनीतून वर चढवली, अंकलनी स्टुलावर उभं राहून, आंटींनी त्यांचे पाय धरून. यंत्र पुन्हा घुरघुरायला लागलं तेव्हा आंटी टाळ्या वाजवून रडल्या. पण इन्व्हर्टर पंख्यांच्या मापाचा. चाळीस मिनिटांत तो टीं-टीं करून बसला. पुन्हा सिलिंडर. तोपर्यंत सुधन्वांना खोकल्याची उबळ आली होती, आणि बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या डबीत ब्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर असे आकडे उतरत होते. ओठ निळे होताना अलकनंदाने पूर्वी पाहिले नव्हते. तिला वाटायचं, ते नुसतं म्हणायचं असतं.

अँब्युलन्सची वाट बघण्याच्या त्या वीस मिनिटांत ती फाईल काढून बसली. याचा सुधन्वांना काही उपयोग नव्हता. एका हाताने ती त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि दुसऱ्या हाताने पानं उलटत होती. नववं पान. चौदावी अट. 'मुख्य वीजपुरवठा खंडित असताना सुरक्षेच्या कारणास्तव यंत्रणा आपोआप बंद राहील.' स्वच्छ अक्षरात, नेहमीच्याच टायपात, कुठे बारीक केलेलं नाही, कुठे लपवलेलं नाही. आणि ओळीच्या डावीकडे हिरवी टिकली.

तिच्या खात्यात टिकलीचा अर्थ असा की वाचलं, समजलं, हरकत नाही.

तिने वाचलं होतं. तेव्हा तिच्या मनात आकडे होते. या ओळीत आकडा नव्हता, म्हणून डोळे वरून घसरून दहाव्या पानावरच्या रकमेवर गेले होते.

"काय... वाचतेस," सुधन्वांनी विचारलं.

"काही नाही."

"नट-बोल्ट?"

"हो."

त्यांना खुर्चीवर बसवून चार मजले उतरवलं. जिना अरुंद, प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी होई आणि सुधन्वा कठडा धरू बघत. कठडा धरून ते वर यायचा प्रयत्न करतायत असं तिला सारखं वाटत होतं. ती मागून येत होती, हातात सिलिंडर, आणि त्याचा काटा संपूर्ण लालमध्ये. गाडीचं दार बंद होताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कुठे चाललोय हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लाईट तीन वाजून दहा मिनिटांनी आली. सभरवाल आंटींनी फोन करून सांगितलं. साडेतीन तासांचा प्रश्न होता. यंत्र आपोआप चालू झालंय, रिकाम्या पलंगाशेजारी, आणि बंद करू का, असं त्या विचारत होत्या.

कृतिका बंगळूरहून संध्याकाळी पोचली. चाकांची बॅग ओढत, विमानातल्या थंडीचं जॅकेट अंगात तसंच. "आई, तू? तू विचारलं कसं नाहीस?" एवढंच म्हणाली. 'तू' या शब्दावर जो जोर होता त्यात सगळं आलं. दुसऱ्या कोणाच्या आईने विचारलं नसतं तर चाललं असतं. मग कृतिकाच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी, नाक पुसत. "सॉरी, आई. सॉरी यार."

डॉक्टर तरुण होता. तो हळू बोलला आणि आकड्यांत बोलला, हे त्याचे उपकार. फुप्फुसांचा जो थोडा भाग चालत होता तोही दुखावलाय. आता मिनिटाला पंधरा लिटर लागतोय, त्या घट्ट मास्कमधून. घरचं यंत्र किती देतं? पाच, ती म्हणाली. डॉक्टरने हात उघडले. यात पुढे काही करायचं उरत नव्हतं. पंधरातून पाच गेले की दहा उरतात, आणि ते दहा लिटर द्वारकेतल्या चौथ्या मजल्यावर कुठूनही येणार नव्हते.

"घरी न्यायचं म्हटलं तर?" तिने विचारलं.

"नेऊ शकता," तो म्हणाला. "पण जिन्यातच..." त्याने फाईल मिटली. मग, "आप सोच लीजिए."

तिने दिलेला शब्द होता. तो पाळायचा तर त्यांना गुदमरवत न्यायचं, आणि मोडायचा तर इथे, या बिप-बिपमध्ये, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं भेटत. तिने दोन्हींची बेरीज खालून वर केली, वरून खाली केली. उत्तर एकच येत होतं आणि ते तिला नको होतं. कृतिका म्हणाली, "आई, बाबांना सांगून टाक. त्यांना कळतं सगळं." सांगायला आत जाणं तिलाच भाग होतं.

सुधन्वा मास्कच्या मागे बारीक दिसत होते. पट्ट्यांनी गालांवर वळ उठले होते. तिला पाहताच त्यांनी मास्कची कड बोटाने उचलली. नर्स ओरडली, "अंकल, नहीं!"

"आली?" त्यांनी विचारलं.

"काय आली?"

"लाईट."

अलकनंदाने तोंड उघडलं. आली, असं म्हटलं असतं तर पुढचा शब्द 'घरी' होता. तो त्यांच्या तोंडात तयार होता, तिला दिसत होता. ती वाकली, पांघरूण नीट केलं.

"नाही हो अजून," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मास्क पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच विचारलं. संध्याकाळी पुन्हा. "नाही अजून." दिल्लीच्या त्या टोकाला अख्ख्या सेक्टरची लाईट दोन दिवस जात नाही, हे इथे अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग कड उचलली. "ट्रान्सफॉर्मर... मोठा असेल."

"हो. बदलायला लागणार म्हणतात."

"तक्रार... नोंदवलीस?"

"नोंदवली ना."

"नंबर घेतलास?"

नंबर घेतल्याशिवाय तिने आयुष्यात कुठली तक्रार सोडली नव्हती. "घेतला," ती म्हणाली, आणि ते डोळ्यांनी वाट बघतायत हे पाहून एकेक आकडा सांगायला लागली. "चार. शून्य. सात. सात. एक... नऊ. तीन. आठ." बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यात तिच्या तोंडून कधी खोटा आकडा गेला नव्हता. तो इतक्या सहज येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"पुन्हा सांग."

ती थांबली. तिला त्यातला एकही आठवत नव्हता. मागे नर्सने घड्याळाकडे बोट दाखवलं. "चार," ती म्हणाली, "शून्य. सात. दोन. सहा..." तिने आठही आकडे पुरे केले.

तिसरा आकडा होईपर्यंत सुधन्वांचे ओठ तिच्याबरोबर मोजत हलत होते. चौथ्याला ते थांबले. धरणांच्या भिंतींची उंची दशांशापर्यंत लक्षात ठेवणारा माणूस. त्यांनी तिचा हात चाचपून धरला, डोळे मिटले.

"बरोबर," ते म्हणाले.